सरांची भाकरी

भूकंपात औशाकडचं आमचं गाव पडलं, त्यानंतर माझी भावजय पत्र्याच्या शेडपुढं तीन दगड मांडून भाकरी थापत होती आणि माझा धाकटा भाऊ ताट कधी येतंय म्हणून मांडी घालून बसला होता. धरणी हलली, हा हलला नाही. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले आणि हा फिजिक्सचा सर झाला. पोरं डॉक्टर केली म्हणे. घरात मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा.

भावजय गेल्यावर सरांनी पोरांच्या मेसचा डबा लावला. दातांनी तुटू नये अशी चपाती आणि तेलात पोहणारा बटाटा. कोपऱ्यावर खेड्यातल्या बाया तांदुळजा, चुका, अंबाडी घेऊन बसायच्या, त्यांच्याकडं हा ढुंकून बघायचा नाही. शुगर वाढली. मग त्याच्या पुण्यातल्या मुलाचा फोन आला, "आण्णा, जेवणाचे असे हाल करून एकटं राहायचं नाही. पुढच्या महिन्यात न्यायला येतो." ह्याला जायचं नव्हतं. मलाही तो जायला नको होता. माझ्या घरामागच्या गल्लीत माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं.

म्हणून मी त्याला गॅसपुढं उभं केलं. काय तो थाट!

"चवीपुरतं म्हणजे किती गं, आक्का? नेमकं माप सांग की."

"आरं, जन्मभर गिळलास, चव तरी ठावं हाय का न्हाई?"

भाकरी तुटली की दोष पिठाचा. करपली की तव्याचा. नाचता येईना अंगण वाकडं. वर म्हणायचा, "आक्का, आज नुसती रिव्हिजन घे." असल्या शहाण्यापुढं लोक पोरं आणून बसवत होते! पण एक दिवस भाकरी टम्म फुगली, आणि हा म्हातारा बोर्डात आल्यासारखा नाचला.

मुलगा-सून आले त्या दिवशी सरांनी स्वतः ताटं वाढली. नव्या ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ घालून चुका, जवसाची चटणी. मुलानं दोनदा मागून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

बोटं चाटत तो बायकोकडं बघून हसला. "आण्णा, मग तर चलाच. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी काम सोडलंय. पोरं बाहेरचं खाऊन कंटाळलीत."

"बाप हाय तुझा," मी म्हणाले. "आचारी न्हाई."

"आत्या, त्यांचाही वेळ जाईल ना."

मी भावाकडं पाहिलं. वर्गात ह्याच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं चिडीचूप व्हायची म्हणे. आता तरी तोंड उघडेल. उघडलं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "पुण्यात अंबाडी मिळत असंल का गं?"

असल्या माणसाला मी शिकवायला गेले! चपला पायात सरकवल्या आणि घरापर्यंत रडत आले.