ती बसते तेव्हा

लष्करातून निवृत्त झालेली ती कुत्री मामांनी आपल्या गावी, रोहण्याला आणली, त्याला वर्ष होत आलं होतं. तरी ती नेमकं काय काम करायची, हे मला नीट कळलं नव्हतं. मामा तिचे हँडलर होते. सीमेवर लढाई चालू असताना दोघं गाड्यांच्या पुढे रस्त्यानं चालायची. ती वास घेत पुढे, मामा दोरी धरून मागे. घरात एवढंच ठाऊक होतं. लढाईतल्या कुत्रीला लढाई चालू आहे हे कळतं का, असं मला मामांना विचारायचं होतं. पण घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि प्रश्न हा असा. कोणी म्हणेल, हेच शिकवतात का वर्ध्याला. म्हणून राहून गेलं.

थंडीत मामा बांधावरून घसरून पडले. पायाचं ऑपरेशन करायला त्यांना सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. मामी त्यांच्यासोबत राहिली आणि कुत्रीकडे बघायला मला बोलावलं.

ती जेवेना. दूध-भाकर दिली, अंडं दिलं. शेजारच्या काकूनं मटणाचा रस्सा आणला, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मिलिटरीची आहे ते," काकू म्हणाली. "तिले बसाले पाट अन् ताटाभोवती रांगोळी पायजे."

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, वय झालंय हिचं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर सलाईन लावू, पण त्यावर ती किती दिवस काढेल सांगता येत नाही. मी मामांना फोन केला.

"संध्याकाळी मी तिले घेऊन शेताकडे जातो ना," ते म्हणाले, "ते हिंडाले नाई जात. काम देतो तिले. काम झाल्याबिगर ती खात नाई. तिकडची सवय आहे तिची."

"कोणतं काम?"

"काकूच्या घरी विचार. तुह्या काकाले माहीत आहे."

काका विहिरी खोदताना खडक फोडायला सुरुंगाचे बार लावतात. त्यांच्या हात पुसायच्या फडक्याला सुरुंगाच्या दारूचा वास असतो. मामा ते फडकं मागून नेत आणि कुठंतरी लपवत. कुत्री ते शोधून काढी.

"कोणाले सांगू नको म्हणे तुहा मामा," काका म्हणाले. "लोक हासतीन, रिटायर झाला तरी लढाई खेळून राह्यला."

त्यांनी फडकं अंगणातल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या झाडांच्या ढिगात खुपसलं. मी पट्ट्याला दोरी लावली आणि हळूच म्हटलं, "ढूंढ." तिचे कान उभे राहिले. नाक जमिनीला लावून ती भिंतीच्या कडेनं गेली, बैलबंडीच्या चाकापाशी घुटमळली, ढिगापाशी आली आणि बसली. अजिबात हलेना.

"थकली व बिचारी," काकू म्हणाली. "आन तिले घरात."

मलाही तेच वाटलं. मी दोरी ओढली. ती उठली नाही. पुन्हा ओढली, तेव्हा तिनं पंजांवर डोकं टेकवलं. ताटली पुढे केली तर तिकडे पाहिलंही नाही.

मी पुन्हा मामांना फोन लावला. "बसली?" त्यांनी विचारलं.

"हो. थकली."

"थकली नाई. बसली म्हणजे सापडलं. भुंकली, उकरलं, तं तिथंच सगळे उडतीन. म्हणून बसाले शिकवतात. तिनं तुले सांगतलं अन् तू तिले ओढून राह्यली?"

मनात होतं तेच माझ्या तोंडातून निघालं. "मामा, तिले तिथं कळत होतं का, लढाई आहे म्हणून?"

"नाई. तिले फक्त चेंडू माहीत. सुरुंग सापडला का मी चेंडू देत होतो. भेव मलेच वाटे. ते दोरीतून तिले समजू नये म्हणून हात सैल ठेवा लागे." मग म्हणाले, "आता चेंडू घे, माह्या खाटेखाली आहे. बसली का तवाच शाबाश म्हण. जोरात. लाजू नको."

काकांनी फडकं गोठ्यातल्या गव्हाणीखाली ठेवलं. मी "ढूंढ" म्हटलं. ती उठेना. दोरी माझ्या मुठीत ताणलेली होती, ती मी होईल तेवढी सैल सोडली. थोड्या वेळानं ती उठली. या खेपेला तिनं अंगण सोडूनच दिलं, सरळ गोठ्यात गेली आणि गव्हाणीपाशी बसली.

"शाबाश," मी म्हटलं. ती माझ्याकडे पाहत राहिली.

वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकाच्या पलीकडे जात नाही. मी श्वास घेतला आणि ओरडले, "शाबाश बेटा, शाबाश!" चेंडू फेकला. ती म्हातारी कुत्री चेंडू तोंडात धरून गोठ्याला दोन फेऱ्या मारून आली.

"अवं, हे पोरगी बोलते व," काकू म्हणाली.

मी ताटली ठेवली. कुत्रीनं चेंडू खाली टाकला, दोन्ही पंजांच्या मधे ठेवला आणि खायला लागली. फोन चालूच होता.

"खाते का?" मामांनी विचारलं.

"खाते."

"फोन ताटलीजवळ धर."

मी वाकून धरला. पलीकडून मामीचा आवाज आला, "ठेवा न आता. डॉक्टर उभे आहेत कवाचे."

"राहू दे उभे," मामा म्हणाले. "चाटून होऊ दे तिचं."