आगबोटीचं हिरवं इंजिन

हसा खुशाल, पण चहा सांडू नका. मी पोलीस ठाण्यात जाता जाता वाचलो, आणि तेही काम फार चांगलं केलं म्हणून!

मी मूल गावचा मिस्त्री. राईस मिलची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. तर सिरोंच्याजवळ नदीत पाणी उतरलं आणि इंग्रजांच्या काळात बुडालेल्या आगबोटीचं इंजिन दिसलं. दिसलं म्हणजे काय, हातभर लोखंड वर आलेलं! नागपूरच्या संग्रहालयातल्या मॅडम धावत आल्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, सांभाळून बाहेर काढा. मी परवा न्यायला येते."

पोचूभाऊ नावाड्याचा डोंगा, जड वजन उचलायचा माझा चेनब्लॉक आणि एक ट्रॅक्टर. काढलं! पण त्याचा अवतार? गंज, शेवाळ, शिंपले! आता तुम्हीच सांगा, असं मशीन कोणाच्या हाती द्यायचं असतं का? आमच्या धंद्याची रीत आहे, मिस्त्रीकडून मशीन जातं ते घासूनपुसूनच.

मग काय! काठावरच ओंडक्यांवर चढवून ग्राइंडर मारला. डिझेलने धुतलं. वरून मिलच्या इंजिनाला देतो तो हिरवा ऑइलपेंट. अहाहा, नवरदेवच दिसत होतं! नारळसुद्धा फोडला.

मॅडम आल्या आणि इंजिनाला वळसा घालून थेट पाण्याकडे गेल्या.

"मिस्त्री, इंजिन कुठे आहे?"

"हे काय, मॅडम!"

"हे कुठल्या तरी मिलचं आहे. आगबोटीचं कुठे?"

"हेच आगबोटीचं!"

"ते शंभरावर वर्षं पाण्यात होतं. हे नवंकोरं आहे. खरं सांगा, भंगारात विकलंत ना?"

घ्या! माझ्या कामाची एवढी तारीफ जन्मात कोणी केली नव्हती, आणि ती ऐकून मी हात जोडत होतो! मॅडमनी पोलिसांना लावायला फोन काढला. मी घाईघाईने पोचूभाऊला पुढे केलं.

"भाऊ, सांग ना मॅडमले, हेच काढलं ना आपण?"

पोचूभाऊने इंजिनाभोवती सावकाश चक्कर मारली. "नाई बाई. आमी काढलं ते काळं होतं. हे हिरवं हाय."

"अरे, मीच रंग मारलो ना त्याले!"

"काऊन?"

काऊन! म्हणजे म्हणे, का मारला! मीच इंजिनाभोवती एक चक्कर मारली. खरंच, हे तेच इंजिन आहे ना?

"तेच असेल तर एक तरी जुनी खूण दाखवा," मॅडम म्हणाल्या.

कुठून दाखवू? गंज नदीत वाहून गेलेला. जिथे बघावं तिथे माझाच हात फिरलेला! शेवटी रडकुंडीला येऊन कबूल केलं, "मॅडम, बुडाखालून नाई घासलो. कमरेत उसण भरली होती. म्हटलं, खाली कोण पाहते!"

मॅडम साडीनिशी वाळूत आडव्या झाल्या. इंजिनाखाली डोकं घातलं आणि आतून ओरडल्या, "गंज! शिंपले! अप्रतिम!"

सुटलो बुवा!

मागच्या महिन्यात बायकोला मुद्दाम संग्रहालयात घेऊन गेलो. म्हटलं, बघ तरी तुझ्या नवऱ्याचं काम. तर इंजिन उलटं ठेवलेलं, बूड वर! माझा हिरवा रंग सगळा खाली दडवलेला. आणि लोक रांग लावून, माना वाकवून काय बघत होते? तीस वर्षांत मी एकदाच केलेली कामचोरी!