पित्त माझं, आरोपी सूनबाई

अंगावर पित्त उठणं म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावर ते उठलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बसल्या जागी मांडीवर लाल गांधी, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत लाज सोडतो. संध्याकाळी त्या मावळल्या की पाठीवर नव्या हजर. कधी पापणी सुजायची, मग मी एका डोळ्याने भाजी निवडायची. कित्येक महिने हे चाललं होतं.

आता आमच्या घराण्याची रीत अशी, की कोणाच्या अंगावर काही उठलं की आधी स्वयंपाकघरात चोर शोधायचा. आणि तिथे कोण? सून. नाशिक रोडला नोकरीला जाते, पहाटे उठून सगळ्यांचं करून ठेवते, हात चांगला आहे तिचा. पण सटाण्याहून माझी नणंद आली, माझी पाठ पाहिली आणि निकाल देऊन मोकळी झाली. आधी वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, मग दही, मग तुरीची डाळ. शेवटी ताटात पोळी आणि तिच्याकडे बघणारी मी, एवढंच उरलं. पित्त मात्र एक दिवस उपाशी राहिलं नाही.

तेवढ्यावर थांबल्या तर त्या वन्सं कसल्या! दुपारी जेवण झालं की नात्यात फोन लावायच्या. सुनेच्या हातचं खाऊन वहिनीच्या अंगावर उठतं, ही बातमी सगळीकडे गेली, सूनबाईच्या माहेरीसुद्धा. त्या दिवशी तिने मसाल्याचा डबा उचलून वन्संपुढे ठेवला. म्हणाली, "आत्या, आजपासून तुम्हीच करा. मला हे आता ऐकायचं नाही." आणि आतल्या खोलीत माझ्या मुलाला वेगळं घर बघायला सांगितलं. ते मला बाहेर ऐकू आलं. मी खाजवायची विसरले, म्हणजे बघा.

वन्संनी पदर खोचला. मुगाची खिचडी, ना मिरची ना फोडणी. आजाऱ्याने आणखी आजारी पडावं अशी. वर उपचार म्हणून आमसुलाचं पाणी चोपडायचं आणि घोंगडीने पाठ घासायची. वन्संचा हात शेतातले कांदे काढून तयार झालेला. अशा घासल्या की जिथे जिथे घोंगडी फिरली तिथे गांध उठली. सकाळी वरचा ओठ इतका सुजला की चहा दोन्हीकडून ओघळायला लागला.

"आता काय खाल्लं होतं?" वन्संनी विचारलं.

"तुमची खिचडी," मी म्हटलं. सुजल्या ओठातूनही ते स्वच्छ आलं.

सूनबाईनेच रिक्षा आणली आणि मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वन्संही आल्या, साक्षीला. बाईंनी आधी घसा आणि श्वास तपासला. कधी जीभ सुजली, श्वास अडला तर तडक मोठा दवाखाना गाठायचा, असं बजावलं. मग पेनाच्या टोपणाने माझ्या हातावर रेघ ओढली. बघता बघता ती फुगून वर आली. त्यांनी सांगितलं ते मला समजलं ते असं, की कातडीत काही पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुरचुंड्या. संकट आलं की त्या फोडायच्या. माझ्या पेशींना संकट नसतानाच फोडायची खोड लागली आहे, आणि बऱ्याचदा चिथावणी शरीराचीच असते. मग बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. वरच्यावर पाझरलं की गांधी, खोल पाझरलं की ओठ नाहीतर पापणी सुजते. पोटातल्या पित्ताशी काही संबंध नाही. इतके महिने चाललेल्या दुखण्यात खाण्याचा दोष क्वचितच निघतो. घासण्याने, घट्ट नाडीने मात्र ते भडकतं. रोज गोळी घ्या, घोंगडी गुंडाळून ठेवा आणि नेहमीसारखं जेवा.

काही घडलं नसताना बोंब ठोकणाऱ्या त्या पेशींचं ऐकताना मला वन्संकडे बघायचा मोह आवरला नाही.

घरी आल्यावर सूनबाई ओट्याकडे फिरकली नाही. खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, ज्यांना ज्यांना आधी सांगितलंत, त्यांना आता हेही सांगा."

वन्संनी जरा वेळ घुटमळून फोन लावला. "अगं, सुनेच्या हातात काय नाय बरं का. डॉक्टरीण बोलली, वहिनीच्या अंगातच खोट हाय. माहेरचंच असणार, दुसरं काय?" प्रत्येक फोनला आवाज चढत गेला. शेवटी शेवटी तर माझ्या आजोबांपर्यंत पोचल्या, त्यांना कधी पाहिलेलं नसताना.

माझं माहेर देवळाली कॅम्पातलं. तिथे कोणाला साधं पुरळ उठल्याचं मला आठवत नाही. वन्संना तसं ठणकावून सांगायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आत सूनबाईने कुकर लावल्याचा आवाज आला, आणि मी ते मिटून घेतलं.