टेकडीवरच्या सिस्टर

"हात दाखवा."

रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळ जो कोणी यायचा, त्याला पहिल्यांदा हे ऐकावं लागायचं. नमस्कार, नाव-गाव सगळं नंतर. आधी दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर, मग उलटे. समोरच्या बाई कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या आणि एकेका हातावरून नजर फिरवायच्या. अंगठी असली तर काढायला लावायच्या. नखाशेजारी ताजी चीर दिसली तर, "तुला आज माती नाही. तू पाणी वाटायचंस." बँकेतले मॅनेजर, कॉलेजातले प्राध्यापक, सगळे शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे करून उभे राहायचे. मुलुंडला सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल, आणि ही बाई कोण, असं मनात आलं असेल.

बाई म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. शेवटची दहा-बारा वर्षं त्यांच्याकडे अख्खा वॉर्ड होता. म्हणून वॉचमनपासून वनरक्षकापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, तेव्हापासून घर भांडुपला. उंची बेताची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "माणूस गेला, शर्ट टिकले," असं त्या अगदी सहज सांगायच्या. बोलणं आपल्या मुंबईचंच, धडाधड. फक्त रागावल्या की मालवणीत शिरायच्या. "मेल्या, दिसत नाय तुका? जित्या झाडावर पाय ठेवलंस!" असं कानावर पडलं की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, पण फार नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. नुसतं चालायचा कंटाळा आला आणि त्या टोळीत शिरलो. माझी नोकरी अंधेरीला, खुर्चीवरची. पहिल्या रविवारी माझे हात बघून त्या म्हणाल्या, "उशीसारखे आहेत रे. चल, आज उशीला काम देऊ."

काम समजायला सोपं होतं आणि करायला कठीण. टेकडी वनखात्याची. तिच्यावर घाणेरी माजलेली. तिची रंगीत फुलं बघून लोक फोटो काढतात, पण तिच्या जाळीखाली दुसरं काही वाढू शकत नाही. ती काढायची. पण सिस्टर कुणालाही सरळ उपटू द्यायच्या नाहीत. आधी गुडघ्यावर बसायचं, फांद्या बाजूला करायच्या आणि बघायचं. "आत कोण आहे?" त्या विचारायच्या. काय आहे, असं नाही. कोण आहे.

आणि खरंच कुणीतरी असायचं. वीतभर खैर, दोन पानांचा पळस, कुडा, कधी बहावा. कुणी न लावता उगवलेली, अंधारात रोडावलेली रोपं. सिस्टर त्यांच्याकडे वॉर्डात राउंडला आल्यासारख्या बघायच्या. "हा दोन वर्षं इथेच अडकलाय. मुळं पक्की आहेत, फक्त उजेड नाही मिळाला." मग भोवतालची घाणेरी निगुतीने काढायची, शेजारी एक काटकी रोवायची आणि तिला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची. लुगडी त्यांच्या आईची होती. हिरवे, जांभळे, लाल काठ. चिंधी दिसली की तिथे कोयता चालवायचा नाही, एवढा एकच नियम. सात वर्षांत अशा शंभराच्या वर चिंध्या टेकडीवर झाल्या होत्या. त्यांतली काही झाडं माझ्या कमरेपर्यंत आली होती.

माणसं सांभाळायचं त्यांचं शास्त्र मी आमच्या ऑफिसच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये पाहिलं नाही. आमच्यात एक निवृत्त साहेब होते. काम कमी, भाषण जास्त. पर्यावरण, सरकार, तरुण पिढी, सगळ्यांवर बोलायचे आणि बाकीच्यांचे हात थांबायचे. सिस्टरांनी त्यांच्या हातात पोतं दिलं. "साहेब, तुम्ही बोलत राहा. फक्त पोत्याचं तोंड उघडं धरा." साहेब दोन वर्षं पोतं धरून बोलले. सगळ्यांना ते आवडायला लागले होते.

एका काकांचे हात सतत कापायचे. कोयता देणं शक्य नव्हतं आणि परत पाठवलं असतं तर ते पुन्हा आले नसते. सिस्टरांनी त्यांना पायथ्याशी बसवलं. "वर किती गेले आणि खाली किती आले, हे तुम्ही बघायचं. एक जरी कमी आला तर मला घरी जाता येणार नाही." काका पाऊस असो, ऊन असो, सगळ्यांच्या आधी हजर.

एवढं असून सिस्टर पंचविसाव्या माणसानंतर कुणाला घ्यायच्या नाहीत. "पंचवीस नावं मला पाठ होतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या हातात कोयता कसा देऊ?"

त्यांचं हे पंचवीस मला पुढे पुढे खुपायला लागलं.

आमच्या कंपनीत त्या वर्षी ठरलं की कर्मचाऱ्यांनी एक दिवस समाजासाठी द्यायचा. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मीच ते ओढून घेतलं. टेकडी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि माझं नाव वरच्या मजल्यावर पोचेल हेही डोळ्यांसमोर होतं.

सिस्टरांना म्हटलं, "दोनशे माणसं येतील. सात वर्षांचं काम एका सकाळीत होईल."

"सात वर्षांचं काम सात वर्षांत होतं रे," त्या म्हणाल्या. "पंचवीस पंचवीस करून आण. मी शिकवते."

"असं नाही होत हो सिस्टर. बस ठरल्यात, टोप्या छापल्यात."

वनखात्याची परवानगी मी परस्पर काढली होती, हे त्यांना तोपर्यंत कळलं होतं. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी खाली पेटी घेऊन बसते. कुणाला लागलं-बिगलं तर. पण वर चढायच्या आधी एकेकाला चिंधी दाखव. ते मात्र विसरू नको."

"नाही विसरणार," मी म्हणालो.

जूनच्या अखेरचा रविवार. बस रस्त्यात अडकल्या आणि दीड तास उशिरा आल्या. आमच्या मोठ्या साहेबांना पुढे कुठेतरी जायचं होतं. कार्यक्रम कापावा लागला. मी चिंध्यांची दहा मिनिटं कापली. वर गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हटलं. माइकवर वाचायचा कागद ऑफिसातून छापून आला होता, तो मी जसाच्या तसा वाचला. पहिली तुकडी कचरा वेचेल, दुसरी घाणेरी काढेल, तिसरी मोकळ्या जागेत रोपं लावेल. "प्लास्टिक, कागद, कापड, टेकडीवर एक तुकडासुद्धा राहता कामा नये," असं त्यात होतं. तेही मी वाचलं. माझा आवाज त्या दिवशी छान लागला होता.

दोनशे माणसांनी मनापासून काम केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्याकडे काहीच दोष जात नाही. पहिल्या तुकडीने कापडाचा तुकडा न् तुकडा वेचला. दुसऱ्या तुकडीला मोकळ्या टेकडीवर नुसती झुडपं दिसली, त्यांनी ती सगळी छाटली. तिसऱ्या तुकडीने तिथे रांगेत खड्डे घेऊन नर्सरीतली रोपं लावली. मी त्या वेळी मोठ्या साहेबांबरोबर फोटोत होतो.

सिस्टर खाली होत्या. एका मुलीला भोवळ आली होती, तिच्याजवळ बसून होत्या. ती सावरल्यावर त्या वर आल्या, तेव्हा पोती ओळीने लावून झाली होती. एका पोत्याच्या तोंडातून हिरवा काठ बाहेर आला होता. त्यांनी तो ओढला. त्याच्यामागून जांभळा आला, मग लाल. त्या एकेक ओढत राहिल्या. त्यांनी मान वर करून उताराकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याबरोबर पाहिलं. तोपर्यंत मी खरंच पाहिलं नव्हतं.

पोत्याजवळ आमच्या ऑफिसातली एक मुलगी घामाघूम उभी होती. तिचा चेहरा फुलला होता. "आंटी, पूरा साफ कर दिया!"

सिस्टर म्हणाल्या, "छान केलंस बाळा. पाणी प्यायलीस का?"

मग माझ्याकडे वळल्या. मी मालवणीची वाट बघत होतो. त्यांनी मेल्या म्हणावं, सगळ्यांसमोर ओरडावं, हातातल्या चिंध्या माझ्या तोंडावर फेकाव्यात.

"तुम्ही आता आभार मानून घ्या," त्या म्हणाल्या. "लोकांना उशीर होतोय."

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

आणि मी आभार मानायला गेलो. काय करावं सुचेना म्हणून हातात होतं ते केलं. यादीत वनखातं होतं, मोठे साहेब होते, शेवटी सिस्टर होत्या. मी माइकवर त्यांचं नाव घेतलं, दोनशे जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या तेव्हा पायवाटेने खाली उतरत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, "गुडघे दुखतात. आता तुम्ही सांभाळा." लोकांनी अंगठ्याएवढे जोडलेले हात पाठवले, काळजी घ्या म्हणाले. मीही पाठवले.

तीन आठवड्यांनी मी भांडुपला त्यांच्या घरी गेलो. रिक्षात बसून वाक्य तयार केलं होतं. सिस्टर, माझी चूक झाली, मी तुम्हाला शब्द देऊन विसरलो. एवढंच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडून त्या म्हणाल्या, "ये रे. खंय होतंस इतके दिवस?"

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. 'तू' परत आला होता, मालवणी परत आली होती. त्यांनी घावणे घातले, माझ्या आईच्या बीपीचं विचारलं, गोळी बदलली का ते विचारलं, जेवणाआधी की नंतर ते विचारलं. मध्ये एकदा मी धीर केला. "सिस्टर, त्या रविवारी—"

"आधी च्या पी रे," त्या म्हणाल्या.

मी चहा प्यायलो. आणि मनाशी ठरवून टाकलं की त्यांनी माफ केलं. माफी मागायचं राहूनच गेलं, आणि राहिलं याचं मला त्या क्षणी वाईटही वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना समोरच्याचा चांगुलपणा असा सोयीचा पडतो. तुम्हालाही असा एखादा कप आठवत असेल.

नर्सरीतली रोपं एप्रिलपर्यंत वाळली. रविवारची टोळी मी सांभाळायला घेतली होती. माणसं आधी पंधरा झाली, मग नऊ. पोतं धरणारे साहेब येईनासे झाले, कापऱ्या हातांचे काकाही. कुणालाही काही सांगायला गेलो की मला माझाच माइकवरचा आवाज ऐकू यायचा. दिवाळीनंतर कधीतरी सिस्टरांना फोन करायचा, असं मी दोन दिवाळ्या म्हणत होतो. मग त्यांच्या भाचीचा ग्रुपवर निरोप आला. सिस्टर गावी भावाकडे गेल्या होत्या. तिथेच गेल्या, झोपेत. दिवसकार्यही उरकलं होतं.

त्यांची आठवण आली की मला टेकडी आठवत नाही. त्या दिवशी घावणे खाऊन मी निघालो ते आठवतं. "रिक्षापर्यंत येते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, गुडघे?" त्या चपला घालत होत्या, त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. तीन मजले त्या माझ्यापुढे उतरल्या, झरझर, कठड्याला हात न लावता. खालच्या पायरीवर थांबून माझी वाट बघत उभ्या राहिल्या. मला धाप लागली होती, त्यांना नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर रिक्षा उभी होती. मी बसलो.