कर्ण्याचं तोंड

"ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं हात वर करा!"

मावशी माईकसमोर उभी राहिली की पहिलं वाक्य हेच. आधी माईकवर दोन टिचक्या, मग पदर कमरेला खोचायचा आणि मग हे. आता तुम्हीच सांगा, ज्याला ऐकूच येत नाही तो हात कशाला वर करील? मी नवा शिक्षक म्हणून त्या गावात गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी खो खो हसलो होतो. मावशीने माझ्याकडे रोखून बघितलं. "हसा गुरुजी. पर कुणाचाच हात वर न्हाई, ते बी बघा."

गाव चुडावा स्टेशनापासून पायी दीड तासावर. मावशीचा नवरा पंचायतीचा शिपाई होता. तो गेल्यावर ती त्याच्या जागी लागली. काम काय, तर संध्याकाळी पंचायतीचा रेडिओ लावायचा आणि पंचायतीच्या धाब्यावरच्या, म्हणजे मातीच्या छतावरच्या, कर्ण्यातून गावाला बातम्या ऐकवायच्या. पुढे जत्रेच्या वर्गणीतून माईक आला आणि बातम्या संपल्या की मावशी स्वतःच बोलू लागली. "त्या रेडिओवाल्याला आपल्या गावातलं काय ठावं?" म्हणायची. कुणाची शेळी हरवली, देवीची लस टोचायला डॉक्टर कधी येणार, सगळं सांगायची. साऱ्या तालुक्यात असं बातमीपत्र दुसरं नव्हतं, हे मी छातीठोक सांगतो. सरपंचांच्या म्हशीने कुणाची तूर खाल्ली, हेही तिने एकदा जाहीर केलं. सरपंच आठ दिवस घुश्शात होते.

मग दुष्काळ पडला. रेशनच्या दुकानात लाल मिलो, म्हणजे ती अमेरिकेची ज्वारी, कधी येईल याचा नेम नसायचा. कर्ण्यातून कळलं की लोक पिशव्या घेऊन पळत. पण कर्ण्याचं तोंड चावडीकडे. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत, म्हणजे मावशीच्याच वस्तीत, काही ऐकू जात नसे. तिथल्या बाया येईपर्यंत दुकानात नुसती झाडलेली जमीन. लेकरं उपाशी निजायची.

एका संध्याकाळी मावशी शिडी लावून धाब्यावर चढली आणि कर्णा ओढ्याकडे फिरवला. चावडी पंचायतीला लागूनच, तिथे तो कसाही फिरवला तरी ऐकू येत होता. तरी सकाळी कर्णा परत चावडीकडे. संध्याकाळी मावशी पुन्हा वर. आठवडाभर हेच चाललं. शेवटी सरपंचांनी तिला चारचौघांत दरडावलं.

"पुन्हा हात लावलास तर कामावरनं काढीन बघ."

"काढा की. काम तुमच्या हातात हाय, कर्णा गावाचा हाय."

"गावाचा हाय म्हणूनच गावाकडं हाय!"

"मंग आमी कुठले?"

सरपंचांनी कर्णा तारेने आवळून बांधला आणि शिडी घरी नेली.

दोन दिवसांनी मिलोची गाडी आली. मावशी नेहमीसारखी माईकसमोर. "मिलो आलाय. जरा येळानं वाटप हाय. ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं हात वर करा." एवढं बोलून ती ओढ्याकडे बघत उभी राहिली. चावडीवरचे लोक हसले. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने माणसं येताना दिसली. मावशीने दुपारीच घरोघर सांगून ठेवलं होतं. म्हातारे, बाया, काखेतली लेकरं, सगळी वस्ती पंचायतीपुढे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांचे हात वर. चावडीवरचं हसणं थांबलं.

"बघा सरपंच," मावशी माईकमधूनच म्हणाली, "एवढ्यांला ऐकू येत न्हाई."

मी काही शूर माणूस नाही. सरकारी नोकरी, वर बदलीची धास्ती. पण त्या दिवशी शाळेची शिडी मीच आणून लावली, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. तार मावशीने तोडली आणि कर्णा ओढ्याकडे वळवला. मिलो ओढ्याच्या दोन्ही बाजूंना गेला.

मावशीचं काम मात्र पुढच्याच महिन्यात गेलं. ती मजुरीला जाऊ लागली, पण संध्याकाळी माईकपुढे हजर. "पगार घेतला त्यांनी. आवाज माझाच हाय न्हवं?" तिला अडवायची आणि कर्ण्याला हात लावायची छाती पुन्हा कुणाची झाली नाही.

चार-पाच वर्षांनी ती गेली. माझी तेव्हा परभणीला बदली झाली होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गेलो तर वस्तीत मांडव, नवाकोरा कर्णा, आणि कुणी पुढारी तिच्यावर लांबलचक बोलत होता. मांडवाबाहेर उन्हात एक म्हातारी बसली होती. तिने हळूच हात वर केला.

मी उठलो आणि कर्णा तिच्याकडे फिरवला.