खारकांची ओटी

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज झुंबरबाईने जन्मभर पाळला. नाव सोडून बाकी सगळं मात्र ती त्याला म्हणायची. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या किराणा दुकानाच्या अगदी समोर, मधे फक्त नरडाण्याच्या बाजाराचा रस्ता. त्यामुळे मशीन चालवता चालवता मला ते सगळं फुकटात ऐकायला मिळायचं.

बाई उंचीने बेताची, आवाजाने अफाट. रंग काळा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि डोळे असे की समोरच्याने खोटं बोलायच्या आधीच त्याला घाम फुटावा. माहेर सोनगीरचं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने म्हणे तिला महिनाभर बोलू दिलं नाही. पुढे सासूला बोलायला मिळालं नाही.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे रुपचंद वाण्याला, एकच रोग होता. त्याला प्रत्येक माणूस चोर दिसायचा. आता बाजाराच्या दिवशी दुकानापुढे तोंडं दुमडलेली उघडी पोती मांडून ठेवायची, शेंगदाणे, फुटाणे, खोबरं, खारीक, गूळ, आणि लोकांनी नुसतं बघत राहावं अशी अपेक्षा करायची, हे मला तरी जास्तच वाटायचं. बायका भाव विचारायच्या आणि मूठ पदरात सोडायच्या. म्हातारे गप्पा मारता मारता पावशेर शेंगदाणे फस्त करायचे. देवळातला पुजारी तर डोळे मिटून नामस्मरण करत गूळ खायचा. त्याला कोण बोलणार?

रुपचंदने उपायही काही कमी केले नाहीत. आधी त्याने पोत्यांवरून दोरी ताणून तिला घुंगरू बांधले. रात्रंदिवस उंदीर नाचायचे आणि रुपचंद दर वेळी काठी घेऊन उठायचा. मग कोणीतरी सांगितलं म्हणून अमळनेरहून मोठा आरसा आणून समोर टांगला, म्हणजे पाठमोरं गिऱ्हाईकही दिसेल. त्या आरशात कुंकू नीट करायला गावातल्या सगळ्या बायका दुकानात यायला लागल्या. गर्दी दुप्पट झाली आणि खोबऱ्याचं पोतं तिप्पट वेगाने खाली बसलं. झुंबरबाई त्याला लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाली, “सुपडीना बाप, आते आठे एक फणी भी टांगी द्या, म्हंजे बठ्ठ्या बाया आंघोळ करीसनच येतीन.”

शेवटी त्याने जालीम उपाय काढला. भर बाजारात ओट्यावर उभं राहून त्याने जाहीर केलं की यापुढे जो चोर सापडेल त्याच्या डोक्यावर चोरीचा माल ठेवून हलगी वाजवत त्याची बाजारातून वरात काढीन. मग तो कोणीही असो. नुसतं बोलून थांबला नाही, नथ्थू हलगीवाल्याला सुपारी देऊन मोकळा झाला. नथ्थू दर बाजाराला येऊन पायरीवर बसायचा. चोर काही सापडत नव्हता, पण वाट बघून बघून नथ्थूला भूक लागायची, आणि त्याच्या हाताला सगळ्यात जवळ शेंगदाण्याचं पोतं होतं.

झुंबरबाईला या चोर-शिपाई खेळात काडीचा रस नव्हता. तिचा जीव अडकला होता शिरपुरात. तिची एकुलती एक पोर सुपडी तिथे कौतिक शेठच्या घरात दिली होती. घर मोठं, धान्याची कोठी मोठी, शेठची पगडी तर त्याहून मोठी. पण लग्नात पुरणाच्या मांड्यांवर तूप कमी वाढलं म्हणून सासर रुसलं, आणि दोन आखाज्या झाल्या तरी पोरीला माहेरी धाडलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्ख्या खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, रस खातात, सासरच्यांना मनसोक्त शिव्या घालतात. दर आखाजीला झुंबरबाई ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या पोरींचे झोके बघायची. त्या दिवशी ती नवऱ्यालाही काही बोलायची नाही. तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं.

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. आखाजी तोंडावर आली होती, आणि बाजाराच्याच दिवशी सुपडीची सासू भिकुबाई दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, उतरली. तिला अमळनेरला लग्नाला जायचं होतं. गाडीला वेळ होता म्हणून ती व्याह्यांच्या घरी टेकली. झुंबरबाईची धांदल उडाली. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, आणि गोड बोलायचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नानेच तिला घाम फुटलेला मला इथून दिसत होता. मधेच तिने विषय काढला, “इहीनबाई, आवंदा सुपडीले आखाजीले धाडा ना.”

भिकुबाई पदर सावरत म्हणाली, “दखू. त्यासले इचारनं पडी.”

एवढंच. झुंबरबाई चहा ठेवायला आत गेली. भिकुबाई उठून दुकानात आली आणि पोती बघत उभी राहिली. अंगावर पाटल्या, नाकात नथ, शिरपूरच्या शेठाणीचा सगळा थाट. मी काजं करत होतो. बघतो तर तिचा हात खारकेच्या पोत्यात गेला, तिथून पदरात, मग खोबऱ्याच्या पोत्यात, पुन्हा पदरात. इतकी सफाई मी नरडाण्यात कोणाच्या हाताला पाहिली नव्हती. नजर समोर, चेहरा देवळातल्यासारखा.

रुपचंद गिऱ्हाइकाला साखर तोलत होता. त्याला आरशात फक्त एक लुगडं, एक पदर आणि एक हात दिसला. तो ताजवा टाकून ओरडला, “धरा! चोर! नथ्थू, वाजाड!” आणि एका उडीत त्याने तो पदर पकडला. नथ्थूचा बिचाऱ्याचा इतक्या दिवसांचा मोकळा हात, त्याने हलगी अशी बडवली की बैलबाजारातली माणसंसुद्धा धावत आली.

मग रुपचंदने वर पाहिलं. पदर त्याच्या मुठीत, पदरात खारका आणि खोबऱ्याची वाटी, आणि पदरावरती विहीणबाईंचं तोंड. पदर सोडावा तर खारका रस्त्यावर सांडणार, धरून ठेवावा तर विहिणीचा पदर धरला म्हणून जन्माचा कलंक. भिकुबाईचं तोंड पांढरंफटक पडलेलं. एवढ्या माणसांत एक शब्द जरी निघाला असता, तरी सुपडीने माहेरचं दार पुन्हा पाहिलं नसतं.

झुंबरबाई हातात कपबशी घेऊन बाहेर आली. तिने एकदा पदराकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. कपबशी तिने नवऱ्याच्या हातात कोंबली आणि त्याच्या मुठीतला पदर आपल्या हातात घेतला. मग गर्दीवरून माझ्याकडे ओरडली, “शिंपीभाऊ! एक खण फेका!”

मी काय करणार, हाताशी होता तो फेकला. पाटलाच्या सुनेची चोळी होती ती, अजून बेतायची होती. झुंबरबाईने तो वरचेवर झेलला, पदरात टाकला, वर तांदळाची मूठ, हळकुंड, सुपारी. कुंकवाच्या डब्यात बोट बुडवून विहिणीच्या कपाळावर असा मळवट भरला की नथीपर्यंत लाल झाली. आणि नथ्थूकडे वळून म्हणाली, “थांबना का रे? वाजाड! मी मनी इहीनबाईनी ओटी भरी राहिनू!”

गर्दी चाट पडली. खारीक, खोबरं, हळकुंड, ओटीत जे असावं ते सगळं पदरात होतंच. कोणाला काय बोलता येणार? नथ्थूने ठेका बदलला, लग्नातला धरला. दोन-चार बायका पुढे होऊन नमस्कारही करायला लागल्या.

पण झुंबरबाई म्हणजे काही साधी बाई नव्हे. ओटी भरून झाली तरी तिने पदराचं टोक सोडलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, “मंग इहीनबाई, सुपडीले आखाजीले धाडी राहिन्यात ना?”

भिकुबाईने पदराकडे पाहिलं, हलगीकडे पाहिलं. “धाडसू,” ती म्हणाली.

“दखा, बठ्ठा बाजार आयकी राहिना.”

“धाडसू म्हनं ना!”

तेव्हा कुठे पदर सुटला. रुपचंद अजून कपबशी धरून उभा होता. चहा त्यानेच पिऊन टाकला.

बाजारासमोर दिलेला शब्द कौतिक शेठलाही मोडवेना. सुपडी आखाजीला आली. झुंबरबाईने तिला अशी कवटाळली की पोरीचा जीव गुदमरला. मला वाटलं, झालं, गोष्ट गोड झाली. पण पोर जरा खंगलेली दिसत होती. दोघी मायलेकी ओट्यावर बसून बोलत होत्या, मी इथे मशीनवर. बोलता बोलता सुपडीचा हात खोबऱ्याच्या पोत्यात गेला आणि तिथून पदरात. नजर समोर, चेहरा देवळातल्यासारखा. आपल्या बापाच्या दुकानात!

झुंबरबाईने पाहिलं. रुपचंदनेही पाहिलं. हा माणूस शेंगदाण्याचं टरफल पडलं तरी उडी मारणारा, पण तो जागचा हलला नाही. सुपडीच्या लक्षात आलं तशी ती शरमेने काळीठिक्कर पडली. म्हणाली, “सवय पडी गयी, माय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिरपूरच्या त्या भल्या मोठ्या कोठीची चावी सासऱ्याच्या करदोड्याला. सकाळी तो स्वतःच्या हाताने पीठ, डाळ, गूळ काढून देणार आणि कुलूप लावणार. पुरुषांचं जेवण झालं की उरेल ते बायकांचं, आणि उरायचं काही नाही. सासूने त्या घरात केस पिकवले, पण खोबऱ्याचा तुकडा तिने कधी मागून खाल्ला नव्हता. “ती काढस, मी दारमा राखन करस,” सुपडी म्हणाली. “कधी मी काढस, ती राखन करस. मायेवानी शे माले ती. धाडाले नको सासराच म्हनेत, मी आठे सांगसू म्हनीसन. तुपनं नाव नुसतं पुढे करं.”

झुंबरबाई नवऱ्याला म्हणाली, “सुपडीना बाप, ज्या बाईले आपन चोर म्हनीसन धरी, ती उपाशी व्हती.” आणि ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

आखाजी सरली आणि कौतिक शेठ सुनेला न्यायला आला. दमणीतून पगडी आधी उतरली, मग शेठ. झुंबरबाईने चहा दिला, पान दिलं, सगळा मानपान केला आणि म्हणाली, “याहीबुवा, पोर येवाव नही.”

“काय झायं?”

“कोठीनी चावी तुम्हना कंबरले शे तोवर पोर येवाव नही.”

शेठ तापला. “बायासना हातमा चावी दिधी तर घर चोरीमा जाई!”

“ज्यानं घर त्यानीच चोरी कशी व्हई?” झुंबरबाईने विचारलं. “आनि मना पोरले नको चावी. इहीनबाईले द्या. ती घरमा मोठी शे.”

शेठने रुपचंदकडे पाहिलं. पुरुष पुरुषाची बाजू घेईल अशी त्याची अपेक्षा असावी. चोरांचा एवढा तिरस्कार करणारा वाणी आणखी कोण मिळणार होता त्याला? रुपचंद गादीवरून उठला. शेठच्या नजरेला नजर न देता त्याने टोपी सारखी केली. पण तो म्हणाला, “पोर जावाव नही.” आणि परत बसला.

शेठ रिकामी दमणी घेऊन गेला. गावात कुजबुज सुरू झाली. नांदती पोर घरात बसवली म्हणून भाऊबंद नावं ठेवायला लागले. सुपडी घाबरी झाली, रुपचंदची झोप उडाली. झुंबरबाई बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून शिरपूरच्या रस्त्याकडे बघायची. तिलाही धाकधूक होती, कबूल करायची नाही एवढंच. पोरीचा संसार तिने पणाला लावला होता, आणि समोर होता एका हट्टी म्हाताऱ्याचा करदोडा.

आषाढ लागता लागता एका बाजाराला दमणी आली. पगडी दिसली नाही. भिकुबाई एकटीच उतरली. लुगड्यावर, कमरेला, सगळ्यांना दिसेल अशी लांबलचक लोखंडी चावी खोचलेली. एवढी मोठी की चालताना तिला ती मांडीवर लागत असावी. ती ओट्यावर चढली आणि म्हणाली, “मनी सूनले लेवाले उनू.”

झुंबरबाईने पोत्यातून ओंजळभर खारका काढल्या आणि विहिणीपुढे धरल्या. “ल्या, इहीनबाई.”

भिकुबाईने एक उचलली. हातातला पदर खाली सोडला, हात मोकळे केले, आणि सगळ्या बाजारादेखत ती खारीक तिने उभ्या उभ्या, सावकाश चावून खाल्ली.