दुसरा इलाज होता

परभणीच्या स्टँडवर दादाने माझी बॅग गाडीत चढवून दिली, कारण माझा उजवा हात ओझं घेत नव्हता. कॅन्सरच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी तो खांद्यापासून मनगटापर्यंत सुजलेलाच होता. "जीव वाचला, ते बघ," दादा म्हणाला. मी तेच बघत होते. नवरा आधीच वारलेला. मुलीला खारघरला कॉलेज मिळालं आणि मला तुर्भ्याच्या एका गोदामात बिलं करायचं काम. आई आणि दादाला सोडताना मात्र रडू आलं.

खारघरला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाठ केवढी होती?"

"सुपारीएवढी."

"मग सगळा स्तन का काढला? काखेतल्या गाठीही? हात त्यामुळेच सुजलाय."

तसंच करतात ना, मी म्हटलं. पूर्वी करायचे, त्या म्हणाल्या. मग पेशंट बायकांचे दोन गट करून पाहिले. एकीकडे पूर्ण स्तन काढला, दुसरीकडे नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं. वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, किती जगल्या यात फरक पडला नाही. काखेतल्याही आता आधी दोन-चारच गाठी तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

"तुम्हाला विचारलं नव्हतं?"

आमच्याकडे डॉक्टर घरातल्या पुरुषाला आत बोलावतात. बाई बाहेर बाकावर बसते. मीही बसले होते.

आठवडाभर मी तिकडच्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. मग आईला फोन केला.

"डॉक्टर बोलले होते माय दादाला," आई म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात न्या, नुसती गाठ काढून भागेल. पण ते रेडिएशनचे शेक घ्यायला मुंबईला कोण राहणार होतं? तुला सांगितलं असतं तर तू हट्ट धरला असता."

मी राहिले असते की. आता राहतेच आहे. आणि मला दोघांनी सांगितलं होतं, दुसरा इलाज नाही.

कुठल्या कोण बायकांनी स्वतःच्या शरीरावर करून पाहू दिलं, म्हणून माझ्यासाठी एक निवड तयार झाली. ती माझ्या माणसांनी परस्पर परत पाठवली. गावाकडच्यांनो, तुमच्या घरात अशी वेळ आली तर बाईला आत न्या.

चौदा एप्रिलला, जयंतीला मी गावी जाईन. आईच्या हातचं जेवेनही. पण अंगात कुठे दुखलं तर तिथे तोंड उघडणार नाही. दुखणं जिथे न भिता सांगता येतं ते घर, एवढंच मी आता मानते. त्यात माझं माहेर बसत नाही.